इंदापूरचा दगड, सुप्याचा रोखा

आपल्याकडे ‘उजवे’ हा शब्द उच्चारला की सगळे एकाच पंगतीला बसवले जातात. सनातनी, संघाचे, मोकळ्या बाजाराचे, मालमत्तेच्या हक्कासाठी भांडणारे आणि जुना गावगाडा बरा होता म्हणणारे, सगळे एकत्र. माझी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत गेली. टिपणं, फाळण्या, आकारबंद आणि जुने फेरफार चाळता चाळता मला पटत गेलं की जुनं जपू पाहणाऱ्यांमधली भांडणं फार जुनी आहेत आणि त्यातली काही मोठी भांडणं आमच्याच शिवारांवर झाली. जमीन कुणाच्या नावावर राहिली, हे मोजणीवाल्याला शेवटी दिसतंच. म्हणून मी हा इतिहास पुस्तकी मतांवरून न सांगता जमिनीवरून सांगतो.

पेशवाई १८१८ साली संपली. दख्खनचा कमिशनर म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आला आणि पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर झाला. जिंकलेल्या मुलखाची मोडतोड करायची नाही, हे त्याचं धोरण होतं. पाटील, कुलकर्णी आणि वतनं त्यानं ठेवली. पंचायतीनं न्याय करायची रीत चालू ठेवायचा प्रयत्न केला. पेशव्यांची दक्षिणा वेगळ्या रूपात चालू ठेवली आणि १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा उघडली. इंग्लंडात एडमंड बर्कनं फ्रेंच राज्यक्रांतीवर १७९० साली जे लिहिलं, त्याच जातीचा हा विचार होता. समाज पिढ्यांनी घडतो, एका पिढीच्या अकलेवर त्याची मांडणी उलटीपालटी करू नये. एल्फिन्स्टन, मद्रासचा मन्रो आणि आपल्याकडचा माल्कम हे सगळे याच वळणाचे होते. परका राज्यकर्ता इथल्या चालीरीतींना हात लावायला घाबरतो, याला कुणी नुसतं राजकारण म्हणेल. मला त्यात खरा आदरही दिसतो.

पण त्याच्याच हाताखाली दुसरा विचार वाढत होता. हेलिबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकून आलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण अधिकारी पुणे जिल्ह्याच्या पाहणीवर नेमला गेला. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत १८१७ साली छापून आला होता. प्रिंगलनं ठरवलं की प्रत्येक शेताचं एकूण उत्पन्न काढायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारनं घ्यायचे. कागदावर हे फार स्वच्छ दिसतं. यात पाटलाच्या शब्दाला जागा नाही, मिराशीला म्हणजे जमिनीवरच्या वंशपरंपरेच्या हक्काला नाही, गावानं आपसांत वाटून घेतलेल्या ओझ्यालाही नाही. शेत, आकडा आणि सरकार, एवढंच.

१८३० च्या सुमारास हे आकडे इंदापुरात लागू झाले आणि तालुका मोडला. ज्वारीचे भाव पडलेले, पाऊस कमी, आणि आकडे तयार करणाऱ्या कारकुनांनी लाच खाऊन खडकाळीला काळी आणि काळीला खडकाळ ठरवलेलं. लोक शेतं पडीक टाकून निघून गेले. इंदापूर हा मुळात कोरड्या पट्ट्यातला तालुका. भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यात असूनही नदीकाठ सोडला तर पाणी नाही. अशा जमिनीचं ‘निव्वळ उत्पन्न’ दरवर्षी वेगळं असतं, हे इथल्या पोरालाही ठाऊक होतं.

मग १८३५ मध्ये हेन्री गोल्डस्मिड इथे आला आणि त्याच्या जोडीला इंजिनिअर लेफ्टनंट जॉर्ज विंगेट. मुंबई इलाख्याची सगळी जमीन-पाहणी ज्या पद्धतीवर उभी राहिली, ती पद्धत इंदापूर तालुक्यात जन्मली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आम्ही नोकरीला लागलो तेव्हाही जुनी टिपणं याच साखळी-आण्यात वाचावी लागत. मातीची प्रत उत्पन्नावरून काढायची नाही, माती खोदून काढायची. पावणेदोन हात खोल काळी जमीन पहिल्या प्रतीची, सोळा आण्यांची. खोली कमी होईल तशी प्रत उतरायची, अशा नऊ प्रती. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणं, हे दोष लागले की आणखी खाली. प्रत्येक सर्व्हे नंबरच्या कोपऱ्यांवर हद्दीचे दगड. आकार हलका केला आणि तीस वर्षं तो वाढणार नाही असं सांगितलं. विहीर खोदा, बांध घाला, फायदा तुमचा.

मला या दोघांबद्दल व्यावसायिक आदर आहे. गृहीतकावरून न जाता त्यांनी खड्डा खणून माती पाहिली. पडीक शेतं परत लागवडीखाली आली. मात्र या पद्धतीनं एल्फिन्स्टनला जपायची होती ती गोष्ट हळूच संपवली. मिरासदार आणि तसा हक्क नसलेला उपरी हा भेद पुसला गेला. गावानं मिळून सारा भरायची जबाबदारी गेली. शेतकरी आता गावाचा कमी आणि नंबराचा जास्त झाला. नंबर त्याचा, म्हणजे तो गहाण ठेवता येतो, विकता येतो, कोर्टाच्या हुकमानं काढूनही घेता येतो. विंगेटनं स्वतःच १८५२ साली सावकार, कोर्ट आणि कर्जदार कुळ यांच्या नात्याबद्दल सरकारला इशारा दिला होता. मालकी पक्की करून दिली की माणूस आपोआप उभा राहतो, हे पुरेसं नाही, हे ज्यानं दगड रोवले त्यालाच आधी कळलं.

बारामती तालुक्यातलं सुपे त्या वेळी भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांहून आलेले शेतकरी गुजर-मारवाडी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. त्यांना पैसा नको होता, कागद हवे होते. कर्जरोखे, गहाणखतं, हुकूमनामे, चोपड्या. जिथे कागद मिळाले तिथे ते जाळले, जिथे मिळाले नाहीत तिथे दुकानं लुटली. माणसांना मारणं फार थोडं झालं. पुढच्या काही दिवसांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. आधीच्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करड्याला सावकारांवर गावबहिष्कार पडला होता, तो सुप्याला पेटला.

कारणं पुष्कळ लिहिली गेली आहेत. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६० च्या दशकात कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा सावकारांनी सढळ हातानं कर्ज दिलं. १८६५ नंतर भाव कोसळले. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ पासून इंदापूर आणि मग शेजारचे तालुके यांचा सारा फेरपाहणीत वाढवला गेला, तो नेमका चढत्या भावाच्या आधारानं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं रोख्याची मुदत तीन वर्षं केली. उद्देश कुळाला वाचवायचा, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला. लिहिता-वाचता न येणारा माणूस आंगठा देत गेला. आणि कोर्ट फक्त रोखा बघत होतं, त्यामागची हकीकत नाही.

दंग्याच्या चौकशी अहवालातली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. ज्या गावांत ब्राह्मण किंवा इतर जातींचे सावकारही होते, तिथे बहुधा त्यांना हात लावला गेला नाही. गावातला सावकार पोरीच्या लग्नाला देतो, अडीनडीला थांबतो, तो वाईट असला तरी आपला. बाहेरून आलेला रोख्याच्या अक्षराला धरून चालतो. म्हणजे सुप्याचा दंगा हा ‘जुनं परत आणा’ म्हणणारा दंगा होता, आणि तो कायद्यानं पवित्र मानलेल्या कराराविरुद्ध होता. गाव जपणारे आणि करार जपणारे इथे समोरासमोर उभे राहिले. त्यात आपला-परका हा भेदही होता, आणि तो गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. परका म्हणून ज्याचं घर लुटलं, त्याच्या बायकापोरांनाही ती भीती सोसावी लागली.

सरकारनं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. न्यायाधीशानं रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणं किती ते पाहायचं, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही, गावपातळीवर तडजोडीची सोय. हा कायदा राबवण्याच्या कामावर न्यायमूर्ती रानडेही होते. रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना आखली. लंडनहून तिला नकार आला. रक्षण करणारा कायदा झाला, पण कर्ज देणारी दुसरी जागा झाली नाही. मग सावकारांनी गहाण सोडून खरेदीखत करून घ्यायला सुरुवात केली, पैसे फेडलेस की परत करीन हा नुसता तोंडी बोल. असल्या विश्वासाच्या खरेद्यांवरून होणारी भांडणं मी माझ्या नोकरीतही पाहिली. हद्द कायम करायला जावं आणि दोन्ही बाजूंनी आजोबांच्या शब्दाचा दाखला यावा.

टिळक आणि गोखले या दोघांचं कधी जमलं नाही, हे शाळेत शिकवतात. १९०१ मध्ये मात्र ते एका प्रश्नावर एका बाजूला होते. मुंबई सरकारनं जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली की सारा थकून सरकारजमा झालेली जमीन परत देताना ती विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही या अटीवर द्यायची. हेतू शेतकऱ्याची जमीन सावकाराकडे जाऊ नये हा. फिरोजशहा मेहता आणि गोखले कायदेमंडळातून उठून बाहेर पडले. टिळकांचा ‘केसरी’ही या दुरुस्तीच्या विरुद्ध होता. गोखल्यांचं म्हणणं असं की जमीन हीच कुणब्याची पत, ती विकता येत नसेल तर त्याला उधार कोण देणार? टिळकांची भूमिका दुसऱ्या मुळातून आली होती. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात त्यांनी परक्या सरकारनं आमच्या समाजात कायद्यानं हात घालू नये असं धरलं होतं, तेच इथेही. एकाच ‘नाही’ला दोन निराळी कारणं होती, एकाचं मालमत्तेचं स्वातंत्र्य आणि दुसऱ्याचं समाजाचं. आज यांना एका खात्यात टाकणारा अभ्यासक मला आळशी वाटतो.

दुरुस्ती मंजूर झाली. आमच्या कागदांवरची ‘नवीन शर्त’ तिथून येते.

नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास बारामती-इंदापूरकडे आलं आणि हा सगळा वाद वेगळ्या जमिनीवर गेला. सासवडचे माळी कालव्याच्या कडेनं ऊस करत खाली उतरले. १९११ साली निघालेल्या मुंबईच्या प्रांतिक सहकारी बँकेनं नीरेवरच्या ऊसकऱ्यांना कर्ज द्यायला सुरुवात केली आणि बारामतीला शाखा काढली. वेडरबर्नना जे मिळालं नव्हतं, ते एका पिढीनंतर मिळालं. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेऊन साखर कारखाना आणि वसाहत उभी केली, तेच वालचंदनगर. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, असे सहकारी कारखाने आले.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसनं नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला. त्याच वर्षी राजाजी, एन. जी. रंगा आणि मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला, मुख्यतः याच ठरावाविरुद्ध. जनसंघही ठरावाच्या विरुद्ध होता. इथेही कारणं दोन. स्वतंत्र पक्षाला शेतकऱ्याचा मालकी हक्क आणि बाजारातलं स्वातंत्र्य हवं होतं. जनसंघाच्या दीनदयाळ उपाध्यायांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानववादावर व्याख्यानं दिली, त्यात व्यक्तीही पहिली नाही आणि बाजारही पहिला नाही, समाज हाच जिवंत आहे. भांडवलशाही आणि साम्यवाद दोन्ही नाकारणारा हा विचार आणि मसानींचा विचार १९७१ च्या निवडणुकीत एका आघाडीत बसले, म्हणून ते एक झाले नाहीत.

हे मला ग्रंथांपेक्षा आमच्या ओसरीवर नीट कळलं. आमचे थोरले चुलते, आप्पा, जनसंघाच्या काळापासूनचे. माझा धाकटा भाऊ शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा, छातीवर लाल बिल्ला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक व्यापार खुला करण्याचा डंकेल प्रस्ताव गाजत होता. शरद जोशी त्याच्या बाजूनं उभे राहिले, तर १९९१ मध्ये निघालेला स्वदेशी जागरण मंच त्याच्या विरुद्ध. धाकटा म्हणायचा, “आप्पा, माझ्या कांद्याला परदेशात गिऱ्हाईक आहे आणि तुम्ही मला सीमेवर अडवता, ही कुठली देशभक्ती?” आप्पा शांतपणे म्हणायचे, “बाळ, उद्या बियाणं बाहेरच्या कंपनीचं झालं म्हणजे तुझ्या घामाचं दाम कोण ठरवील?” दोघंही एकाच पक्षाला मत देऊ शकले असते, आणि दोघांना एकमेकांचा विचार मान्य नव्हता.

पुढे संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात माझ्या भावानं आपल्या हिश्श्यातली काही जमीन बायकोच्या नावावर केली. फेरफार झाला तेव्हा आप्पांना फार वाईट वाटलं. जमीन एकट्याची नसते, आधीच्या आणि नंतरच्या पिढ्यांची असते, आपण मधले राखणदार, असं ते म्हणाले. बर्क त्यांनी वाचला नव्हता, पण बोलत तेच होते. मी तेव्हा गप्प राहिलो. आज सांगतो, आप्पांच्या बोलण्यात खोल सत्य आहे. पण त्या पिढ्यांच्या राखणदारीत भावजयीचं नाव सातबाऱ्यावर कधीच आलं नव्हतं. मालमत्तेच्या हक्काच्या बाजूनं बोलणाऱ्या माणसानं ते आणलं, हे मी विसरू शकत नाही.

आणि एल्फिन्स्टननं जपलेल्या गावाबद्दल बोलायचं तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या गावात महार वतन होतं. शिवारातला दगड कुठला, जुनी हद्द कुठून जाते, हे गावात सगळ्यांत पक्कं महारांना ठाऊक असे, आणि हद्दीच्या तंट्यात त्यांचा शब्द चाले. इनामाचा तुकडा आणि बलुत्याची भाकर यांच्या बदल्यात रात्रंदिवस राबणं वंशपरंपरा गळ्यात. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते हा फास सोडवण्यासाठी. कनिष्ठ वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली, जमिनी परत दिल्या गेल्या त्या नवीन शर्तीवर. गाव जपा म्हणणाऱ्या प्रत्येक विचाराला मी हा प्रश्न विचारतो की तुमच्या जपलेल्या गावात या माणसाचं काय? बर्कच्या वळणाच्या माणसांकडून मला सरळ उत्तर मिळालेलं नाही. बाजाराच्या माणसांकडूनही नाही, कारण ज्याच्याकडे विकायला काही नव्हतं त्याला विकण्याचं स्वातंत्र्य देऊन काय होतं?

वालचंदनगरच्या जमिनी १९६१ च्या कमाल धारणेच्या कायद्यानंतर सरकारकडे गेल्या आणि १९६३ साली निघालेल्या शेती महामंडळाकडे आल्या. ज्यांच्या आजोबांनी त्या खंडानं दिल्या होत्या, ते खंडकरी शेतकरी अनेक वर्षं झगडले. या शतकात कायदा बदलून जमिनी परत मिळू लागल्या, पण भोगवटादार वर्ग २ म्हणून, म्हणजे विकायची तर परवानगी काढा. १९०१ चीच अट. वर्ग १ करा, ही खंडकऱ्यांची मागणी होती आणि ती मला योग्य वाटते. ती जमीन त्यांचीच होती, सरकारनं दान दिलेली नाही.

वतनाच्या वर्ग २ जमिनींचं काय, असं मला लोक विचारतात. हायवेच्या कडेला, बारामतीच्या एमआयडीसीच्या आसपास, अशा तुकड्यांवर दलालांची नजर असते, आणि ती अट हाच पुष्कळांचा शेवटचा आडोसा आहे. तीच अट त्यांना बँकेच्या दारातही अडवते. माझं मत असं की अट काढावी, पण नजराणा न घेता, आणि त्या घरातल्या बायकांची नावं सातबाऱ्यावर चढल्यानंतरच. गोखले यावर म्हणाले असते की अट घालणारे तुम्ही कोण. आप्पा म्हणाले असते की घर फुटेल. दोघांशीही मी वाद घालायला तयार आहे, कारण त्या जमिनींची मोजणी मी केली आहे आणि त्यातल्या कोणत्या आता कुणाकडे आहेत, ते मला नंबरवार ठाऊक आहे.